सापडलं नाही तर

बोहरी आळीत साडेदहाला शटर वर जातं
आणि पहिलं गिऱ्हाईक पायरीवरूनच ओरडतं:
टॉवर बोल्ट, चार इंची, पितळी, डझनाला काय?
कैझरभाई चष्मा पुसता पुसता सांगतात.
वर बघत नाहीत. कुठलीच वही उघडत नाहीत.
चौदाशे मालांचे दर, कोणाला कितीला,
आणि कोणाच्या बापाला कितीला होता.

मी पोटमाळ्यावर, खोक्यांच्या आड,
अशा संगणकासमोर, ज्याच्या कीबोर्डात
लोखंडाचा बारीक कीस साठतो.
सीएचा निरोप आहे: शुक्रवारपर्यंत
वर्षाच्या विक्रीसमोर दर हवेत.

म्हणून व्हीलुकअप.
काय शोधायचं ते सांगा, कुठे ते सांगा,
कितव्या रकान्यातून आणायचं ते मोजून सांगा,
आणि शेवटी लिहा फॉल्स.
क्लासमध्ये शिकवलं तेव्हाच खटकलं होतं,
खरं हवं असेल तर खोटं लिहायचं.
ट्रू लिहिलंत तर हा जवळपासचं काहीतरी आणतो
तोंड वर करून, नवा पोऱ्या
कोयंडा मागितला की कडी आणतो तसा.

दरांच्या तक्त्याला डॉलरचे खिळे ठोकले
(नाहीतर खाली ओढताना तोही घसरत जातो),
कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनावर दोनदा टिचकी,
आणि चुकांचं पोतं जिन्यावरून सुटावं
तसे दर खाली गेले, चार हजार तीनशे ओळी,
खळ्ळ.

त्यात दोनशे सतरा ठिकाणी एनए.
बिजागरी ३ इंच इकडे आहे.
बिजागरी ३ इंच तिकडे आहे.
डोळे फाडून पाहिलं. डबा तसाच राहिला.
मग अक्षरं मोजायला लावली:
इकडे तेरा, तिकडे चौदा.

चौदावी मोकळी जागा.
खळदकरांचा अंगठा.
अकरा वर्षं ते याच खुर्चीत होते,
मार्च संपला तसे सासवडला मुलीकडे गेले.
सायकलवरून उतरणाऱ्याने पाय टेकवावा
तसा ते नाव लिहून झालं की
स्पेसबारवर अंगठा टेकवायचे.
महिन्याच्या सुरुवातीला क्वचित. अखेरीस हमखास.

ट्रिमने मी त्यांचे दोनशे पाच विसावे कापले,
एका मिनिटात.
थोडं वाईट वाटलं. थोडी भूकही लागली होती.

बारा उरले. महिन्याला एक.
चाक, लहान, रबरी, चार नग.
दरपत्रकात असं चाकच नाही.
सासवडला फोन लावला.
त्याला दर नसतो, खळदकर म्हणाले,
मी कधी विचारला नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली आणि ते शिट्ट्या मोजू लागले.

खाली उतरून शेठना विचारलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डावीकडे,
जिथे सोन्या मारुतीकडून एक टेम्पो उलटा घुसत होता.
म्हणाले, तुझं मशीन बरोबर बोलतंय.

माझा फॉर्म्युला डावीकडे पाहत नाही.
शोधलेल्याच्या उजवीकडचंच त्याला दिसतं.
शेठना दर सांगा, ते माल सांगतील,
माल सांगा, माणूस.
चाकांचा माणूस त्यांनी सांगितला नाही.

सीएला शून्य चाललं असतं.
पण शून्य म्हणजे फुकट दिलं असं झालं असतं,
आणि ते तसं नव्हतं, एवढं मला कळलं होतं.
म्हणून फॉर्म्युला आणखी एका कंसात बसवला:
सापडलं नाही तर असं लिही.
अवतरणचिन्हांत लिहिलं, कैझारभाईंना विचारा.
बारा ओळींत बारा वेळा उमटलं.

संध्याकाळी शेठ धापा टाकत वर आले,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
झा नाही, झ, एवढंच म्हणाले,
आणि जिना उतरून गेले.

दुरुस्त केलं.
लिहून झाल्यावर अंगठा आपोआप स्पेसबारवर टेकला.
राहू दिली ती जागा.